काचेची शीटं जिन्यातून नेताना तुमच्याकडे काय पद्धत आहे?

मंदार_नाशिक
नमस्कार मंडळी. नाशिकला पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लाससाठी जागा घेतली आहे. आत काचेची पार्टिशनं करायची आहेत, १२ एमएम टफन्ड (तापवून मजबूत केलेली काच), ८ बाय ४ फुटांची सात पॅनलं. त्याआधी खिडक्यांच्या साध्या काचा परवा आल्या, तेव्हा जे पाहिलं त्यामुळे झोप उडाली आहे.
छोट्या हत्तीतून काचा उतरवल्या. दोन पोरं, वय जेमतेम वीस. पायात स्लिपर, हातात गोणपाटाचे तुकडे. जिन्याच्या वळणावर पुढच्या पोराने काच डोक्यावर घेतली, मागचा खालून रेटतोय. मी ओरडलो, तर हसत म्हणाला, "साहेब, रोजचंच आहे." ठेकेदाराला फोन केला, तर तो म्हणे, "सर, तुम्ही खाली उभे राहू नका, बाकी पोरं बघतात."
पुढच्या पंधरवड्यात ती मोठी पॅनलं येणार. प्रश्न दोन. एक, हे काम नीट करायची पद्धत नेमकी काय? दोन, गिऱ्हाईक म्हणून मी किती नाक खुपसावं?

खोडसाळ_पंत
दुसऱ्याचं उत्तर: पूर्ण खुपसा, पण काचेपासून चार फूट लांब ठेवून.

स्लायडिंगवाला
पंत :-)
मंदार, मी बावीस वर्षं ॲल्युमिनियम-काचेच्या धंद्यात आहे, पिंपरीत. आधी वजन सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. काच पारदर्शक असते म्हणून ती हलकी वाटते. आमचा सोपा हिशेब: चौरस फूट गुणिले एमएम, भागिले चार. उत्तर किलोत. थोडं जास्तच येतं, पण जास्त आलेलं बरं. तुमचं पॅनल ३२ फूट, गुणिले १२, भागिले ४ म्हणजे ९६. खरं वजन ९० च्या आसपास. सात पॅनलांचे सव्वासहाशे किलो. हे दोन पोरांचं काम नाही. जिना असेल तर चार माणसं, आणि पाचवा फक्त पुढे चालत दारं उघडणारा, वाट मोकळी करणारा. या पाचव्या माणसाचे पैसे द्यायला सगळ्यांना जिवावर येतं.
काच डोक्यावर कधीच नाही. आडवी कधीच नाही. साधी काच आडवी धरली की स्वतःच्या वजनाने मधेच तडकू शकते. उभीच न्यायची, कडेवर. उचलायच्या आधी चारही कडा बघायच्या. कुठे केस (केसाएवढी बारीक चीर) गेलेली दिसली की ती काच बाजूला. ती केस हातात असतानाच पळते, आणि मग हातात दोन सुरे उरतात.

सुलभा_ग
डोक्यावर काच! वाचूनच अंगावर काटा आला. आमच्या सोसायटीत तर लिफ्टच्या टपावर ठेवून नेतात, लिफ्टमनच्या हातावर शंभर रुपये ठेवले की झालं.

स्लायडिंगवाला
सुलभाताई, लिफ्टच्या टपावरून नेणारा माणूस स्वतःही टपावर बसतो, काच धरून. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

अभि_स्ट्रक्चरल
वजनाचा हिशेब बरोबर आहे. काचेची घनता २५०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे एक चौरस मीटर, एक मिमी जाड काच अडीच किलोची. कारखान्यातून येणारं जम्बो शीट साधारण ६ मीटर बाय ३.२१ मीटरचं असतं. ते १२ मिमीत घेतलं तर पावणेसहाशे किलोच्या वर जातं. ते अर्थातच क्रेनशिवाय हलत नाही.
पण माझ्या मते साइटवर खरा धोका काच नेताना नसून ती टेकवून ठेवल्यावर असतो. दहा शीटं भिंतीला टेकवलीत, ८ बाय ४ ची, ५ मिमी, लांब कडेवर उभी. एकेक ३७ किलोचं, मिळून ३७०. हवं असलेलं नेमकं सगळ्यात मागे. मग एक जण पुढची नऊ-दहा शीटं वहीची पानं उलटावीत तशी स्वतःकडे ओढून छातीवर घेतो आणि दुसरा मागचं काढतो. हे सगळ्यांनी पाहिलं असेल.
आता गणित बघा. गठ्ठा उभ्या रेषेच्या पलीकडे तुमच्याकडे ५ अंश कलला तर वरच्या कडेला साधारण १६ किलोचा जोर लागतो. माणसाला वाटतं, अरे, सहज पेलतंय. १५ अंशाला तोच जोर ४८ किलो. ३० अंशाला ९२. म्हणजे सुरुवातीला जे हलकं वाटतं ते दोन वितींत अशक्य होतं, आणि तोवर मागे सरकायला जागा उरलेली नसते, कारण पाठीमागे दुसरी भिंत किंवा सिमेंटची पोती. माणूस कापून मरत नाही, चेपून मरतो.

मंदार_नाशिक
अभि, बापरे. माझ्या जागेत खिडक्यांच्या काचा आत्ता अशाच टेकवून ठेवल्या आहेत, पॅसेजमध्ये. समोर तीन फुटांवर भिंत.

अभि_स्ट्रक्चरल
आजच हलवा. किंवा निदान दोरीने भिंतीला बांधा आणि पॅसेज बंद करा. कल पुरेसा हवा, पाच-सहा अंश, खाली लाकडी पट्टी किंवा रबर. फरशीवर थेट ठेवली तर तळाची कड सटकते. आणि वेगवेगळ्या मापाच्या काचा एका गठ्ठ्यात नकोत.

रांगडा_गडी
आमच्या कोल्लापुरात एक किस्सा झाला तो सांगतो. टेंपो आला, ए-फ्रेमवर (दोन उतरत्या बाजूंची घोडी असती ती) दोन्ही बाजूला काचा. डायवरनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली, कड म्हंजे उतार. चाकं डावीकडं खाली. आमच्या पोरानं रस्सी सोडली ती नेमकी उताराच्या बाजूची. फ्रेमचा कल बघायला बरा वाटतोय, पण गाडीच कललीय न्हवं, मग काचंचा कल उरला कुठं? सगळा गठ्ठा सावकाश, बगा, अगदी सावकाश, भाकरी उलथावी तसा भाईर आला. पोरगा हात लावून थांबवाय गेला. मुकादमानं मागनं कॉलर धरून वढला म्हणून वाचला. काच गेली अकरा शीट. मुकादमानं आदी पोराला मिठी मारली, मग कानाखाली दिली.
तवापासनं आमच्यात नियम: गाडी सपाट जागंत, आणि रस्सी सोडायच्या आदी दांडकं लावून दोन्ही बाजूंना टेकू द्यायचा. आन एका बाजूची सगळी काच काढून मग दुसरी असलं कराय न्हाई. आळीपाळीनं. न्हाईतर फ्रेमच पलटी.

खोडसाळ_पंत
मिठी आणि मग कानाखाली. सेफ्टी ट्रेनिंगचं याहून चांगलं वर्णन वाचलं नाही.

डॉ_मुग्धा
मी हाडांच्या डॉक्टरांकडे असिस्टंट होते, आता स्वतःचा छोटा दवाखाना आहे. काचेचे बहुतेक रुग्ण मनगटावर कापून येतात, बोटांवर नाही. कारण सगळे बोटांसाठी हातमोजे घालतात आणि मोजा संपतो तिथे मनगट उघडं राहतं. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिनी, नस (मज्जातंतू) आणि बोटं वाकवणारे स्नायूबंध एकमेकांना चिकटून असतात. एक फटका आणि तिन्ही.
लागलं तर: स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा आणि दहा मिनिटं तरी दाब सोडू नका. "थांबलं का बघू" म्हणून उचलून पाहू नका. काचेचा तुकडा आत रुतलेला असेल तर ओढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, कॉफी, तंबाखू काही नको. १०८ ला फोन. आणि रक्त थांबलं तरी एखादं बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर टाके घालून घरी पाठवून घेऊ नका. नस किंवा स्नायूबंध तुटलेला असतो, आणि तो जोडायचा तर लवकर जोडावा लागतो. एक जण माझ्याकडे दोन महिन्यांनी आला. अंगठा आणि करंगळी जुळत नव्हती. कामच हाताचं.

सुलभा_ग
डॉक्टर, वाचनखूण साठवली. मंदार, त्या पोरांना निदान बूट तरी घेऊन द्या हो.

आडवातिडवा
थोडं विषयांतर. काच म्हटलं की आमच्या आजोबांना ओगलेवाडीच आठवायची. कराडजवळ, ओगल्यांचा काच कारखाना, प्रभाकर कंदील. आणि त्याआधी तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना, १९०८ चा. लोकांनी एकेक पैसा दिलेल्या फंडातून उभा राहिलेला. आजोबा सांगायचे की...

खोडसाळ_पंत
आडवातिडवा, नावाला जागलात. कंदिलाची काच फुंकून करतात. इथे आठ फुटांच्या पाट्या पडतायत लोकांच्या अंगावर.

आडवातिडवा
बरं बाबा. पण पैसा फंडाचा मुद्दा लक्षात ठेवा, पैशावरच येणार आहे हा धागा शेवटी.

केदार_मेलबर्न
इथे काचेच्या कामावर होतो तीन वर्षं, आता ऑफिसात. मोठी काच हाताने उचलायचीच नाही हा पहिला नियम. व्हॅक्युम लिफ्टर (हवा ओढून काचेला चिकटणारे कप) लावून छोट्या क्रेनने. खाली टेप लावून जागा बंद, आत कोणी फिरकायचं नाही. धोक्याचं काम असेल तर आधी कागदावर पद्धत लिहायची, सगळ्यांनी सह्या करायच्या. भारतात सुट्टीवर आलो की साइटसमोरून डोळे झाकून चालतो.

रांगडा_गडी
डोळं झाकून साइटसमोरनं चालू नका सायब, काच पडंल.

स्लायडिंगवाला
केदार, क्रेन ठीक आहे, पण नाशिकच्या जिन्यात ती कुठून आणणार? आमच्याकडे हाताने वापरायचे सक्शन असतात, दोन किंवा तीन कपांचे. चांगले आहेत, पण आंधळा विश्वास नको. धूळ, पाणी, काचेवरची पावडर, कशानेही पकड जाते. पॅटर्न काचेवर किंवा फ्रॉस्टेडच्या खरखरीत बाजूवर लागतच नाही. पंपवाल्या सक्शनला दांड्यावर लाल रेघ असते. ती दिसली की हवा शिरलीय, पुन्हा पंप. एक जण फक्त त्या रेघेकडे बघत चालला पाहिजे. जिना चढताना खालून पट्टेही हवेत, नुसत्या सक्शनवर नाही.
आणखी एक. टफन्डला लोक "सेफ्टी काच" म्हणतात म्हणून बेफिकीर होतात. ती भट्टीत सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात, म्हणून साधीपेक्षा चार-पाच पट मजबूत. पण सगळी ताकद तोंडावर, कोपऱ्यात नाही. कोपरा फरशीवर टेकला, एक टाचणीएवढा दगड खाली आला की ठो! अख्खं पॅनल क्षणात दाणे. सुरे होत नाहीत हे खरं, पण ९० किलोचे दाणे अंगावर पडले तर तेही काही प्रसाद नव्हे. कोपऱ्यांना थर्माकोल किंवा रबराच्या टोप्या बसवून आणायला सांगा, आणि जिथे टेकवायची तिथे आधी लाकडी ठोकळे मांडून ठेवा. आणि टफन्ड पुन्हा कापता येत नाही. माप चुकलं तर नवीन.

अनामिक_हमाल
नाव देत नाही. मी काच उचलतो. चौदा वर्षं झाली. मोबाइलवर वाचतो हे सगळं, लिहीत नाही कधी.
तुम्ही सगळे बरोबर लिहिताय. बूट पाहिजेत, मोजे पाहिजेत, कबूल. पण एक सांगतो. काच हातातून सटकते तेव्हा शरीर काय करतं? पकडायला जातं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, सटकली तर सोड, पाय मागे घे, हात वर. माहीत आहे आम्हाला. तरी पकडायला जातो. का जातो? कारण फुटली तर आठवड्याच्या हिशेबात कापतात. मोठी फुटली तर महिनाभर कापतात. हे डोक्यात असतं. विचार करायला वेळ नसतो, पण हाताला माहीत असतं.
माझ्या डाव्या हाताला अठरा टाके आहेत. पाच एमएमचं शीट होतं. तेव्हा किंमत नऊशे रुपये.

सुलभा_ग
दादा, काय बोलावं सुचत नाही.

डॉ_मुग्धा
बोटं नीट चालतात का आता?

अनामिक_हमाल
दोन चालतात. बाकीची थंडीत धरतात.

अभि_स्ट्रक्चरल
माझं वरचं सगळं त्रिकोणमितीचं गणित या एका प्रतिसादापुढे फिकं आहे.
नियमांबद्दल विचाराल तर, बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता आणि त्याचे १९९८ चे केंद्रीय नियम. त्यात पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त हाताने उचलू नये, स्त्रीने ३० पेक्षा, असं लिहिलं होतं. मंदारचं पॅनल दोघांनी उचललं तर प्रत्येकी ४५. म्हणजे कागदावर नियमात बसतं! पण काच पोत्यासारखी पाठीवर येत नाही, ती अंगापासून लांब धरावी लागते, आणि पायरीवर भार सारखा वाटला जात नाही, खालच्यावर जास्त येतो.

खडूस_काका
मी वेगळं मत मांडतो, मारू नका. मी ठेकेदारी केली आहे तीस वर्षं. फुटलेली काच मालकाच्याच अंगावर घ्यायची ठरवली तर पोरं निष्काळजी होतात. वर्षाला किती शीटं जातात माहीत आहे? कापतो म्हणजे शौक म्हणून नाही कापत.

स्लायडिंगवाला
काका, मान आहे तुम्हाला. पण मी पाच वर्षांपूर्वी कापणं बंद केलं. आमच्याकडे बिलातच शेकडा दोन फुटतूट धरतो, गिऱ्हाइकाला सांगून. फूट वाढली नाही. उलट आधी पोरं फुटलेली लपवायची, केस गेलेली काच तशीच बसवून टाकायची. तीच नंतर पडायची आणि माझ्याच नावाने बोंब व्हायची. आता निमूट सांगतात.

खडूस_काका
दोन टक्के गिऱ्हाईक देतं?

स्लायडिंगवाला
घासाघीस करून दीड देतं :-)

आडवातिडवा
म्हटलं होतं ना पैशावर येणार म्हणून!

सागरी_वारा
मालवणातून. पावसाळ्यात आणखी एक भानगड. एकावर एक ठेवलेल्या काचांमध्ये दमट हवा शिरली की दोन शीटं चिकटून बसतात. जोर लावून ओढली की एकदम सुटतात आणि मागचा माणूस तोल जाऊन पडतो. मधे वर्तमानपत्राचा कागद घालायचा, एवढंच. आणि वारा! गच्चीवर काच नेताना वाऱ्याची बाजू बघितल्याशिवाय उचलू नका. शिडाचा अनुभव असलेल्यालाच कळेल.

अभि_स्ट्रक्चरल
अगदी. ताशी ३६ किमी वारा, म्हणजे फार मोठं वादळ नव्हे, चौरस मीटरला सुमारे ६ किलोचा रेटा देतो. ८ बाय ४ ची काच ३ चौरस मीटर, म्हणजे १८ किलो आडवा धक्का, तोही झुळकेझुळकेने. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट.

सुलभा_ग
आणि फुटलेली काच कचऱ्यात टाकताना जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर "काच" लिहून द्या. आमच्याकडे कचरा नेणाऱ्या ताईंच्या हाताला गेल्या वर्षी लागलं. त्यांना कोण विचारतं?

खोडसाळ_पंत
मंदारराव कुठे गेले? धागा टाकून पळाले की पॅसेजमध्येच अडकले?

मंदार_नाशिक
आहे, आहे. दहा दिवस कामात होतो. सविस्तर सांगतो.
पॅसेजमधल्या काचा त्याच रात्री बांधल्या. ठेकेदाराशी बसलो. वाद झाला, पण शेवटी ठरलं: पॅनलांना पाच माणसं, बूट आणि कोपरापर्यंतचे कट-प्रूफ मोजे, आणि फुटतूट अर्धी माझी, अर्धी त्याची. पोरांच्या हिशेबातून शून्य. पोरांना हे मी त्याच्यासमोर सांगितलं. माझ्यावर विश्वास बसला नाही बहुतेक, हसले.
काल पॅनलं आली. गाडी सपाट जागेत लावायला लावली (रांगडागडी, तुमची आठवण काढली). कोपऱ्यांना टोप्या होत्या. सकाळी नऊला सुरू केलं, वारा नव्हता. चार पॅनलं व्यवस्थित वर गेली. एकेकाला पंधरा मिनिटं. पाचवा माणूस पुढे "पायरी, पायरी, वळण" असं ओरडत होता. मला आधी हसू येत होतं, नंतर मीच ओरडायला लागलो.
पाचवं पॅनल वळणावर कठड्याच्या लोखंडी पट्टीला लागलं. कोपऱ्याची टोपी खालच्या पायऱ्यांवरच घासून निघाली होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. मला आवाज आठवतो, पण त्याआधीचा क्षण जास्त आठवतो. वरच्या बाजूचा पोरगा, तोच स्लिपरवाला, त्याच्या हातातून पट्टा सुटला. त्याने एक पाऊल मागे घेतलं आणि दोन्ही हात वर केले. पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे. खालचे दोघे भिंतीला चिकटले. मग ठो, आणि पांढरा पाऊस जिनाभर.
कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. पोरगा हात वर करूनच उभा होता, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, "खाली घे आता." मग ठेकेदाराकडे बघितलं त्याने. ठेकेदार म्हणाला, "जा, चहा घे."

अनामिक_हमाल
त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

मंदार_नाशिक
नक्की सांगतो, दादा.

खडूस_काका
नवीन पॅनल कितीला पडलं?

मंदार_नाशिक
काका, निम्मं तुम्हाला पाठवू का? आठ दिवस लागणार, टफन्ड आहे ना, कापून बसवता येत नाही. क्लास पुढच्या सोमवारऐवजी त्याच्या पुढच्या सोमवारी.

डॉ_मुग्धा
जिना नीट झाडून घ्या. मुलं यायच्या आधी ओल्या कापडाने पुन्हा एकदा पुसा, दाणे फटीत बसतात.

मंदार_नाशिक
तीनदा झाडला. आज सकाळी बुटाच्या तळव्यात एक सापडला.

खोडसाळ_पंत
पोरांच्या गणितात एक प्रश्न घाला: ८ बाय ४ फुटांची, १२ एमएमची काच, वजन काढा. उत्तर स्लायडिंगवाले तपासतील.

स्लायडिंगवाला
९६ लिहिलं तरी पूर्ण गुण.